नवी वही केव्हां उघडावी?

दिवाळीच्या दिवसांत बाजारपेठेंतून हिंडतांना लाल कापडाच्या वह्यांचे गठ्ठे आजहि कांहीं दुकानांतून मांडलेले दिसतात. लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळीं व्यापारी नव्या वहीची पूजा करतो, पहिल्या पानावर 'श्री' लिहितो, आणि मग जुन्या वहींतील बाकी नव्या वहींत ओढली जाते. पूर्वींच्या पेढीवरील दिवाणजीला 'वही केव्हां बदलावी?' हा प्रश्न कधीं पडला नाहीं. वर्ष संपलें कीं वही बदलली. पानें आधींच संपलीं तर पुरवणी जोडली. निर्णय पंचांगानें आणि कागदानें आधींच करून ठेवलेला असे.

आज ती वही संगणकांत गेली आहे आणि तिला शेवटचें पान राहिलेलें नाहीं. दहा वर्षें, पंधरा वर्षें तीच चालूं शकते. म्हणूनच ती केव्हां बदलावी हें आतां कोणीतरी बसून ठरवावें लागतें. मालकानें तें ठरविलें नाहीं तर सॉफ्टवेअर विकणारा ठरवितो, सरकार ठरवितें, किंवा एखाद्या दिवशीं यंत्रच ठरवून टाकतें. हा निर्णय आपल्या हातीं कसा ठेवावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम, ही वस्तु कोणती तें पाहूं. कारखान्यांत माल खरेदी होतो, गोदामांत पडतो, तेथून यंत्रावर जातो, तयार होतो, विकला जातो. त्याचें बिल होतें, पैसे येतात, कर भरला जातो आणि कामगारांचा पगार निघतो. पूर्वीं ह्यांतील प्रत्येक कामाची वही निराळी असे. आतां ह्या सर्व वह्या एकाच सॉफ्टवेअरमध्यें गुंफलेल्या असतात. मोठ्या कंपन्यांत त्याला ईआरपी म्हणतात. लहान दुकानांत टॅलीसारखें हिशेबाचें सॉफ्टवेअर बरेंचसें हेंच काम करतें. कीर्द, खतावणी, कोठाराची वही आणि पगारपत्रक हीं सारीं एका दाव्यानें बांधलीं गेलीं आहेत, असें समजा. म्हणून एक ओढली कीं साऱ्या हलतात. बदलाचें भय वाटतें तें ह्यामुळें, आणि तें भय अगदींच खोटें नाहीं.

बदल मात्र एकाच जातीचा नसतो. तो तीन प्रकारचा असतो. पहिला प्रकार म्हणजे डागडुजी. विकणारी कंपनी वेळोवेळीं बारीक दुरुस्त्या पाठविते. एखादें भोंक बुजविते, एखादा कराचा दर सुधारते. दुसरा प्रकार म्हणजे नवी आवृत्ति. घर तेंच, पण छप्पर नवें. तिसरा म्हणजे बिऱ्हाड हलविणें. एक सॉफ्टवेअर सोडून दुसऱ्यांत जाणें, किंवा त्याच कंपनीच्या पण अगदीं निराळ्या बांधणीच्या सॉफ्टवेअरमध्यें जाणें. ह्या तिघांना एकच नियम लावणें ही पुष्कळ नुकसानीची जननी आहे. डागडुजीला दिवस मोजावेत, नव्या आवृत्तीला महिने, आणि बिऱ्हाड हलविण्याला वर्षें.

आतां दोन कंपन्यांच्या हकीकती सांगतों. दोन्ही अमेरिकेंतील आहेत आणि दोन्ही सर्वश्रुत आहेत. एकीनें अवेळीं बदल केला, दुसरीनें वेळ टळूं दिली.

पहिली कंपनी हर्शी, चॉकलेट करणारी. तिचीं जुनीं सॉफ्टवेअरें सन २००० च्या आरंभीं दगा देतील अशी भीति होती. कारण त्यांत वर्षाचे शेवटचे दोनच आंकडे लिहिलेले असत, आणि २००० हें १९०० समजलें जाण्याचा संभव होता. म्हणून कंपनीनें एकदम तीन नवीं सॉफ्टवेअरें आणण्याचें ठरविलें. हें काम चार वर्षांचें म्हणून योजलेलें होतें. तें अडीच वर्षांत उरकण्याचा घाट घालण्यांत आला. तरीहि तयारी लांबली, आणि नवी व्यवस्था सुरू झाली ती १९९९ च्या जुलैंत. आतां तिकडे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन नांवाचा सण असतो. मुलें घरोघर गोळ्या-चॉकलेटें मागत फिरतात. त्या सणाच्या मागण्या दुकानदारांकडून उन्हाळा संपतां संपतांच येऊं लागतात. म्हणजे भर हंगामाच्या तोंडावर वही बदलली गेली. परिणाम असा झाला कीं, माल गोदामांत पडून होता, गिऱ्हाईक दारांत उभें होतें, पण कोणता माल कोठें आहे आणि तो कोणाला धाडावयाचा, हें नव्या व्यवस्थेला सांगतां येईना. सुमारें दहा कोटी डॉलरांच्या मागण्या पुऱ्या झाल्या नाहींत. त्या तिमाहींतील नफा शेंकडा १९ नीं उतरला.

ह्या हकीकतीचें खरें तात्पर्य तिच्या उत्तरार्धांत आहे. २००२ सालीं ह्याच कंपनीनें त्याच घराण्यांतील सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ति घेतली, आणि तें काम असा कोणताहि बोभाटा न होतां पार पडलें. तेव्हां १९९९ चा सारा दोष सॉफ्टवेअरच्या माथीं मारतां येत नाहीं. हंगाम अयोग्य होता, आणि चांचणीला हवा तेवढा अवकाश ठेवलेला नव्हता.

दुसरी कंपनी साउथवेस्ट, विमानांची. वैमानिक आणि विमानांतील सेवकवर्ग ह्यांनीं कोणत्या दिवशीं कोठें हजर व्हावें हें ठरविणारी तिची व्यवस्था जुनी झाली होती. कर्मचाऱ्यांच्या संघटना ह्याविषयीं कित्येक वर्षें बजावीत होत्या. नेहमींच्या दिवसांत ती व्यवस्था चालत होती. आणि चालणारी वस्तु कोण बदलतो? २०२२ च्या डिसेंबरांत, नाताळाच्या गर्दींत, मोठें हिमवादळ आलें. इतर कंपन्यांचींहि विमानें अडलीं, पण त्या कांहीं दिवसांत सांवरल्या. साउथवेस्टच्या व्यवस्थेला मात्र कोणता वैमानिक कोणत्या गांवीं अडकला आहे ह्याचा मेळ घालतां येईना. माणसें फोनवरून एकमेकांना शोधूं लागलीं. डिसेंबरच्या शेवटच्या दहा-अकरा दिवसांत १६,७०० हून अधिक उड्डाणें रद्द झालीं आणि वीस लाखांहून अधिक उतारू खोळंबले. ह्या गोंधळापायीं त्या तिमाहींत कंपनीला सुमारें ८० कोटी डॉलरांची झळ लागली, आणि पुढें २०२३ च्या डिसेंबरांत सरकारनें तिच्यावर १४ कोटी डॉलरांचा दंड बसविला.

श्रोतेहो, ह्या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेविल्या म्हणजे एक भेद स्पष्ट होतो. बदल ठरविण्याची वेळ एक असते, आणि प्रत्यक्ष बदलण्याची वेळ दुसरी. ठरवावें तें लौकर, जुनें सॉफ्टवेअर ठीक चाललें असतांनाच. आणि बदलावें तें सावकाश, आपल्या धंद्याच्या मंदीच्या दिवसांत. पहिल्या कंपनीला बाहेरच्या तारखेनें पुढें ढकललें. दुसरीनें ठरविण्याचेंच लांबणीवर टाकलें. दोघींच्याहि हातीं शेवटीं स्वतःची निवड उरली नाहीं.

कोणी म्हणेल, 'आमचा कारखाना केवढासा! आम्हांला ह्या अमेरिकेच्या गोष्टी काय कामाच्या?' तर आपल्याकडचींच उदाहरणें घेऊं. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागूं झाला, आणि त्या दिवसापासून जुन्या पद्धतीचें बिल निरुपयोगी ठरलें. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल पांच कोटींच्या वर असलेल्यांना, कांहीं अपवाद वगळतां, व्यापाऱ्यास द्यावयाचें बिल सरकारी व्यवस्थेंत नोंदवून त्याचा क्रमांक घेणें भाग पडलें. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरनें, कोणती नोंद केव्हां बदलली गेली, ह्याची खूण ठेवली पाहिजे आणि ती खूण कोणालाहि बंद करतां येऊं नये, असा नियम झाला. आणि अगदीं अलीकडची गोष्ट म्हणजे ३ सप्टेंबर २०२५ रोजीं कराच्या नव्या दरांची घोषणा झाली व ते २२ सप्टेंबरला, म्हणजे ऐन घटस्थापनेच्या दिवशीं, अंमलांत आले. मध्यें दिवस किती? एकोणीस. ज्याच्या सॉफ्टवेअरला कर्त्याचा आधार अजून होता त्याला नवे दर बसविणें सोपें होतें. ज्याचा कर्ता केव्हांच निघून गेला होता, त्याच्या कारकुनाला भर सणांत एकेका मालाचा दर हातानें बदलीत बसण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

सरकारच्या तारखेशीं वाद घालतां येत नाहीं. विकणाऱ्याच्या तारखेचें तसें नसतें. जर्मनींतील एसएपी ही ह्या क्षेत्रांतील बडी कंपनी. तिचें ईसीसी नांवाचें जुनें सॉफ्टवेअर हजारों कारखान्यांत चालतें. त्याची देखभाल २०२५ पर्यंतच करूं, असें तिनें सांगितलें होतें. २०२० च्या फेब्रुवारींत ती मुदत २०२७ अखेरपर्यंत वाढविली, आणि जादा पैसे देणाऱ्यांस २०३० अखेरपर्यंत. ह्यावरून कांहीं लोक असें शिकतात कीं, थांबलें तर मुदत वाढते. मला वाटतें, हा धडा अर्धाच आहे. वाढलेली मुदत ही तयारीसाठीं मिळालेली सवड असते. ज्यानें ती झोपेंत घालविली त्याला अखेरच्या वर्षीं जाणकार माणसें मिळत नाहींत. कारण त्या वर्षीं सर्वांनाच तीं हवीं असतात.

आतां हिशेब करून पाहूं. ज्यांच्यापाशीं कागद-पेन्सिल असेल त्यांनीं आंकडे टिपून घ्यावेत. समजा, कोल्हापुरांत ओतकामाचा एक कारखाना आहे. वार्षिक उलाढाल १२ कोटींची. सॉफ्टवेअर जुनें आहे, म्हणून तीन कारकून रोज दोन-दोन तास एका ठिकाणचे आंकडे दुसऱ्या ठिकाणीं उतरवीत असतात. वर्षाचे कामाचे दिवस ३००; म्हणजे १,८०० तास. तासाला १५० रुपये धरले तर २ लक्ष ७० हजार रुपये झाले. त्यांतच बिल निघावयास सरासरी तीन दिवस उशीर होतो. तीन दिवसांची विक्री म्हणजे सुमारें दहा लाख रुपये सदैव अडकून पडतात. त्यावर शेंकडा १२ प्रमाणें व्याज १ लक्ष २० हजार. एकूण जुन्याची वार्षिक किंमत ३ लक्ष ९० हजार.

आतां दुसरी बाजू. नवें आणावयाचें तर सॉफ्टवेअर, जुन्या नोंदी नव्यांत नेण्याचें काम, माणसांचें शिक्षण आणि दोन महिने दोन्हीकडे लिहिण्याचा त्रास, मिळून दहा लाख रुपये धरा. शिवाय वर्षाला ६० हजार वर्गणी. आणि नव्यानें सारा तोटा थांबेल असें धरूं नका. दोन-तृतीयांश थांबेल असें धरा. म्हणजे वांचले २ लक्ष ६० हजार. त्यांतून वर्गणी वजा जातां उरले २ लाख. दहा लाख फिटावयास पांच वर्षें लागलीं. एवढाच हिशेब असेल तर मालकानें थांबावें. विकणारा कितीहि गोड बोलला तरी थांबावें.

पण हिशेबांत अजून एक रकमेची नोंद राहिली आहे, आणि ती बहुतेक जण विसरतात. हें जुनें सॉफ्टवेअर कोणाच्या डोक्यांत आहे? तें बिघडलें तर दुरुस्त करणारा माणूस एकच असेल, आणि तो उद्यां निवृत्त होणार असेल, तर काय? दहा दिवस बिलें निघालीं नाहींत असें धरा. दिवसाची विक्री ४ लाख. म्हणजे ४० लाखांचा माल फाटकाच्या आंत अडकला. बँकेचा हप्ता थांबत नाहीं, कोळशाचे आणि भंगाराचे पैसे थांबत नाहींत, आणि पगाराचा दिवस तर मुळींच थांबत नाहीं. म्हणून मालकानें स्वतःस विचारावें : 'ह्या वहीवांचून मी किती दिवस काढूं शकेन?' आणि मग दुसरा प्रश्न : 'ती बंद पडल्यास इतक्या दिवसांत मला ती कोण सुरू करून देईल?' दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर ठरविण्याची वेळ आलेली आहे, मग पहिला हिशेब कांहींहि सांगो.

ह्याखेरीज आणखी कांहीं लक्षणें सांगतां येतील. कारकुनांच्या खणांत खासगी वह्या किंवा त्यांच्या संगणकांवर निराळे तक्ते वाढूं लागले, तर मुख्य वहीवरचा विश्वास उडाला आहे असें समजावें. महिन्याचा ताळा पूर्वीं चार दिवसांत जमत असे आणि आतां बारा दिवस लागत असतील, तर तेंहि लक्षण होय. गोदामांतील मोजणी आणि वहींतील शिल्लक ह्यांचा मेळ वारंवार चुकत असेल, तर त्याचें कारण माणसांत आहे कीं सॉफ्टवेअरमध्यें, हें आधीं शोधावें. माणसाच्या संवयीचा दोष नव्या सॉफ्टवेअरनें जात नाहीं, उलट अधिक वेगानें पसरतो.

आणि जीं लक्षणें नव्हेत, तींहि ओळखावींत. शेजारच्या कारखान्यानें नवें घेतलें, हें कारण नव्हे. पडद्यावरचे रंग छान आहेत, हें कारण नव्हे. तिमाहीअखेर मोठी सूट मिळते आहे, हें तर मुळींच नव्हे. ती सूट विकणाऱ्याच्या पंचांगाप्रमाणें येते, आपल्या पंचांगाप्रमाणें नव्हे.

बारीक डागडुजीविषयीं दोन शब्द स्वतंत्रपणें सांगितले पाहिजेत, कारण तेथें नियम उलटा आहे. तेथें विलंब घातक ठरतो. २०१७ च्या मार्चमध्यें मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एक भोंक बुजविणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. पुष्कळांनीं ती लावली नाहीं. मे महिन्यांत वॉनाक्राय नांवाच्या उपद्रवानें त्याच भोंकांतून शिरून जगभर हाहाकार केला. जूनमध्यें नॉटपेट्या आला. त्याचा शिरकाव झाला तो युक्रेनमध्यें वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्तींतूनच. दुष्टांनीं ती दुरुस्तीच विषारी केली होती. मर्स्क ह्या जहाजकंपनीला त्यांत २५ ते ३० कोटी डॉलरांची झळ लागली, आणि मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील तिच्या धक्क्याचें कामहि अडलें. तेव्हां दुरुस्ती लौकर लावावी, परंतु आधीं एका बाजूच्या संगणकावर लावून पाहावी; आणि सर्व नोंदींची एक प्रत अशा जागीं ठेवावी कीं, तिला कोणतीहि तार जोडलेली नाहीं.

आतां प्रत्यक्ष बदलाचा मुहूर्त. प्रत्येक धंद्याला आपापली सुगी आणि आपापली मंदी असते. साखर कारखान्याचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्याला बदल करावयाचा तर पावसाळ्यांत. मिठाई आणि कापडवाल्यांनीं गणपतीपासून दिवाळीपर्यंत वहीला हात लावूं नये. पुष्कळांना १ एप्रिल हा दिवस आवडतो, कारण आरंभींच्या बाक्या स्वच्छ मिळतात. तें खरें, पण त्याच सुमारास हिशेबनीस मागल्या वर्षाच्या ताळेबंदांत बुडालेला असतो. म्हणून १ एप्रिल धरावयाचा तर रंगीत तालीम त्याआधींच्या डिसेंबरांत पुरी झाली पाहिजे.

तालीम म्हणजे काय? आपल्या खऱ्या नोंदींची नक्कल नव्या व्यवस्थेंत घालून सरलेला एक महिना पुन्हां जगून पाहणें. तीच खरेदी, तींच बिलें, तोच पगार. शेवटीं बाकी जुळली तर पुढें जावें; न जुळली तर कां जुळली नाहीं, तें सांपडेपर्यंत थांबावें. आणि बदलाच्या दिवशीं परत फिरण्याची वाट उघडी असावी : अमुक दिवसांपर्यंत अमुक गोष्टी नीट चालल्या नाहींत तर जुन्यावर परत जाऊं, हें आधीं लिहून ठेवावें. संकटाच्या घटकेला असे निर्णय शांतपणें होत नाहींत.

एक शेवटची गोष्ट. बदलाचा निर्णय बहुधा वरच्या मजल्यावर होतो आणि त्याचा भार खालच्या मजल्यावर पडतो. गोदामावरचा वीस वर्षांचा कारकून नव्या पडद्यापुढें बसतो तेव्हां त्याला भय वाटतें, तें संगणकाचें नव्हे. आपलें शहाणपण एका रात्रींत निरुपयोगी ठरेल, ह्याचें. कोणत्या गिऱ्हाइकाचा माल कसा बांधावयाचा, कोणता पुरवठेदार वजनांत कसूर करतो, हें त्यालाच ठाऊक असतें आणि तें कोणत्याहि सॉफ्टवेअरमध्यें लिहिलेलें नसतें. त्याला बदलाच्या आदल्या आठवड्यांत चार तास शिकवून भागत नाहीं. बदल ठरवितांनाच त्याला बोलावून विचारावें कीं, 'दादा, सध्यांच्या वहीनें तुमचें कोठें अडतें?' पुष्कळदां त्याच्या उत्तरांत असें निघतें कीं, नवें सॉफ्टवेअर नकोच, आहे त्यांतच दोन सोयी करून हव्या आहेत. आणि क्वचित् असेंहि निघतें कीं, ही वही दोन वर्षांपूर्वींच संपलेली आहे. तो बिचारा आपल्या स्मरणशक्तीनें तिचीं पानें वाढवीत बसला आहे.

ज्यांच्या हातीं असा निर्णय आहे त्यांनीं एवढेंच करावें : वर्षांतून एकदां, धंद्याच्या शांत महिन्यांत, हिशेबनीस, गोदामाचा कारकून आणि सॉफ्टवेअर सांभाळणारा ह्या तिघांना समोर बसवून वरचे प्रश्न विचारावेत आणि उत्तरें तारीख घालून लिहून ठेवावींत. 'यंदा बदल नाहीं' असें त्या बैठकींत ठरलें तरी कांहीं बिघडत नाहीं. तें विचारपूर्वक ठरलें म्हणजे झालें.